कोलेस्टेरॉलची चाचणी: हृदयरोग्यापासून पाताळगंगेतल्या माशापर्यंत

'नदीच्या प्रदूषणाचा गोड्या पाण्यातल्या माशांवर परिणाम' असा काहीतरी विषय तुमच्या डोक्यात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. अशा प्रबंधांत एक तक्ता बहुधा असतोच: माशाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल. ही चाचणी मुळात माणसांसाठी, त्यातही हृदयरोग्यांसाठी घडत गेली. मग ती माशाकडे आली कशी आणि येताना मागे काय राहिलं? हा इतिहास कळला, तर तुमच्या संशोधनाचा आराखडा बदलेल.

कोलेस्टेरॉल प्रथम सापडलं पित्ताच्या खड्यांत. १८१५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी त्याला नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या 'पित्त' आणि 'घट्ट' या शब्दांवरून. पुढे १८८५ मध्ये लीबरमान आणि १८८९ मध्ये बुर्चार्ड यांनी दाखवलं, की अॅसिटिक अॅनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की कोलेस्टेरॉल हिरवा रंग देतं. रंग जितका गडद, तितकं कोलेस्टेरॉल जास्त. म्हणजे मोजमाप शक्य झालं. पण मोजून सांगायचं काय, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

१९१३ साली रशियात अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या रोहिण्यांत चरबीचे थर साचले. हाच प्रयोग उंदीर आणि कुत्र्यांवर केला, तर तसं काही झालं नाही! त्यामुळे अनेकांनी या निष्कर्षावर शंका घेतली. खरं कारण असं, की प्रत्येक प्राण्याचं शरीर कोलेस्टेरॉल वेगळ्या रीतीनं हाताळतं. हा मुद्दा इथेच अधोरेखित करून ठेवा.

माणसाचं उत्तर मिळायला माणसांकडेच जावं लागलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली. त्यांचं रक्त तपासायचं आणि पुढे वर्षानुवर्षं कुणाला हृदयविकार होतो ते बघत राहायचं. १९६१ मध्ये जास्त कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांत मांडला गेला. रिपोर्टवर आपण बघतो ती २०० मिलीग्रॅमची रेषा अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमानं १९८८ मध्ये आखली. म्हणजे त्या एका आकड्यामागे चाळीस वर्षांची वाट आहे.

त्यातही वेळेची अट आहेच. हृदयविकाराचा झटका आल्यावर साधारण दिवसाभरानंतर कोलेस्टेरॉल खाली येऊ लागतं आणि काही आठवडे कमीच राहतं. म्हणून डॉक्टर शक्यतो पहिल्या २४ तासांतच रक्त घेतात. रक्त कधी घेतलं हे माहीत नसेल, तर तो आकडा फसवतो.

चाचणी माशापर्यंत आली ती मुख्यतः सोयीमुळे. १९५३ मध्ये फेरिक क्लोराइडची पद्धत आली आणि १९७४ मध्ये एन्झाइमची. तीव्र आम्लाची कटकट गेली, तयार किट मिळू लागलं, रक्ताचे थेंबभर नमुने पुरू लागले. लहान माशाच्या अंगात रक्त असतं किती? त्यामुळे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांना हे किट सोयीचंच होतं. किट आलं, पण फ्रेमिंगहॅम मात्र आलं नाही.

आता रायगडकडे या. पाताळगंगा आणि कुंडलिका या सह्याद्रीतून उतरून लगेच खाडीला मिळणाऱ्या छोट्या नद्या. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं आणि घाटावरच्या धरणांचं पाणी पाताळगंगेत उतरू लागलं. ज्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याचं पाणी १९२७ पासून भिऱ्याहून कुंडलिकेत येऊ लागलं. बारमाही पाणी म्हणजे कारखान्यांची सोय. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना पाताळगंगेकाठी रसायनीला उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पुढे कुंडलिकेकाठी धाटाव, सावित्रीकाठी महाड, कासाडीकाठी तळोजा अशा वसाहती झाल्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं १९७० मध्ये.

क्रम बघितलात ना? आधी नदीचं पाणी बदललं, मग कारखाने आले, मग मंडळ आलं. कारखान्यांपूर्वीच्या इथल्या मरळीच्या किंवा वामीच्या रक्ताचा आकडा आणायचा कुठून? एन्झाइमची पद्धतच १९७४ ची!

आणि माणसाचा आकडा उसना घेता येत नाही. अनेक माशांच्या रक्तात कोलेस्टेरॉल मुळातच माणसापेक्षा जास्त असतं. २०० ची रेषा लावली तर ठणठणीत मासाही हृदयरोगी ठरेल. शिवाय विषारी रसायनामुळे यकृतातून पित्ताचा निचरा अडला तर कोलेस्टेरॉल वाढू शकतं. यकृताची ते तयार करण्याची ताकद गेली किंवा मासा उपाशी राहिला, तर ते घटूही शकतं. पहिल्या पावसात अंडी भरलेले वलगणीचे मासे चढतात, तेव्हाही आकडा वेगळा, कारण प्रजननाची हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. जाळ्यात तडफडल्याचा ताण वेगळाच.

म्हणून आराखडा करताना एवढं पाळा. वसाहतीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे मासे एकाच महिन्यात घ्या. जात, लिंग, आकार सारखा ठेवा. भरतीचं खारं पाणी पोचतं तो पट्टा वेगळा धरा. पकडल्यापासून रक्त काढेपर्यंतचा वेळ सारखा ठेवून नोंदवा. त्याच दिवशी पाणीही तपासा. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय असेल, तर अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम मोजा, त्याचा पुरावा जास्त नेमका असतो. आणि निदान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू धरून, नोंदी ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी? उद्या नदीवर पोट असलेले कोळी आणि कातकरी नुकसानभरपाई मागायला गेले, तर समोरचा वकील एकच प्रश्न विचारेल: "या माशाचं नॉर्मल किती?" तुमच्या वर्षभराच्या नोंदी असतील, तर त्यांच्या हातात निदान एक उत्तर असेल. तेव्हा येत्या वलगणीच्या आधीच पहिले नमुने घ्या.