नागरिकत्व आणि समरसता : अमेरिकेतील भारतीयांचा दाखला

परदेशी स्थायिक होणाऱ्या मनुष्याने प्रथम तेथील समाजाशी एकरूप व्हावे आणि मगच त्यास नागरिकत्व मिळावे, असा समज बहुतेक देशांत रूढ आहे. या दृष्टीने नागरिकत्व हे समरसतेचे पारितोषिक ठरते. अमेरिकेतील भारतीयांचा विसाव्या शतकातील इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. तेथे नागरिकत्व हे समरसतेचे फळ होते, त्याहून अधिक तिचा आधार होते.

१७९० च्या कायद्यान्वये अमेरिकेत केवळ गौरवर्णीय स्वतंत्र परकीयांस नागरिक होता येत असे. १८७० मध्ये ही मुभा आफ्रिकी वंशाच्या लोकांस मिळाली. भारतीयांची गणना कोणत्या वर्गात करावी, याविषयी न्यायालयांत एकमत नव्हते. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. १९१४ मध्ये सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियात नागरिक झाले व पुढे तेथेच वकिली करू लागले. अशा रीतीने काही थोड्या भारतीयांना पाय रोवता आले.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी हे सारे पालटले. अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य मनुष्य ज्यास गौरवर्णीय म्हणतो त्यात भारतीय येत नाहीत. त्यानंतर पूर्वी दिलेली नागरिकत्वेही रद्द होऊ लागली. कॅलिफोर्नियाच्या १९१३ व १९२० च्या कायद्यांनी नागरिकत्वास अपात्र परकीयांस शेतजमीन खरेदी करण्यास मनाई होती. ती बंधने आता भारतीयांवर निःसंदिग्धपणे लागू झाली. १९२२ च्या कायद्याप्रमाणे अशा अपात्र परकीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्रीदेखील स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे.

वैष्णोदास बगाई यांची कथा या संदर्भात विचार करण्यासारखी आहे. १९१५ मध्ये ते सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोस आले. त्यांनी दुकान थाटले, पाश्चात्त्य रीतिभाती अंगीकारल्या आणि १९२१ मध्ये ते नागरिक झाले. पुढे हे नागरिकत्व हिरावले गेले आणि मालमत्तेचा हक्कही गेला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली; मागे ठेवलेल्या पत्रात या अन्यायाचे गाऱ्हाणे होते. त्यांच्या भाषेत, उद्योगात वा आचरणात १९२३ पूर्वी व नंतर काही अंतर पडले नव्हते. बदलला होता तो केवळ कायद्यातील दर्जा. पण तेवढ्याने वर्षानुवर्षांचे रुजणे उन्मळून पडले. थिंद यांचे वकील असलेल्या पंडितांनी मात्र स्वतःचा खटला १९२६ मध्ये जिंकून आपले नागरिकत्व राखले.

२ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी भारतीयांस नागरिकत्वाचा मार्ग खुला करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वर्षाला अवघ्या १०० भारतीयांस प्रवेश देणारा हा कायदा उदार म्हणता येणार नाही. तथापि आधीच स्थायिक झालेल्यांना त्याने नवी भूमी दिली. १९२० मध्ये आलेल्या दिलीपसिंग सौंद यांनी गणितात डॉक्टरेट मिळवूनही इंपीरियल खोऱ्यात शेतीवर उपजीविका केली होती. १९४९ मध्ये ते नागरिक झाले. पुढील वर्षी ते न्यायाधीशपदी निवडून आले, परंतु नागरिकत्वास एक वर्षही पूर्ण न झाल्याने ती निवड रद्द ठरली. १९५२ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि १९५६ मध्ये त्यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाची निवडणूक जिंकली. जे एकोणतीस वर्षांच्या वास्तव्याने साधले नाही, ते नागरिकत्वानंतरच्या सात वर्षांत साधले.

नागरिकत्वाने पूर्वग्रह आपोआप लोपतात, असा याचा अर्थ नव्हे. सौंद यांच्या वंशाविषयीची कुजबुज निवडणुकांतही थांबली नव्हती. तसेच त्यांची योग्यता कायद्याने निर्माण केली असेही नाही. सार्वजनिक कार्याची ओढ त्यांच्या ठायी पूर्वीपासून होतीच. कायद्याने त्या योग्यतेस वाव दिला आणि शेजाऱ्यांना त्यांच्याकडे मतदार व उमेदवार म्हणून पाहण्यास भाग पाडले. ज्या भूमीवरून उद्या हुसकले जाण्याची भीती आहे, तेथे कोणी फळझाड लावीत नाही. म्हणून परकीयाकडून निष्ठेची अपेक्षा करणाऱ्या समाजाने, त्यास निष्ठेने राहता येईल अशी निश्चिती आपण दिली आहे काय, हा प्रश्न आधी स्वतःस विचारणे उचित होय.