मोहरीचें कुल आणि घोडबंदरची खाडी

घोडबंदरच्या टेंकडीवरील किल्ल्यांतून पाहिलें असतां खालीं उल्हासची खाडी आणि पलीकडे वसईचा मुलूख दिसतो. गुजरातच्या बहादूरशहानें इ. स. १५३४ च्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केल्या. चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं १७३७ मध्यें घोडबंदर आणि १७३९ मध्यें वसई घेतली. त्या दोन शतकांच्या अंमलाची साक्ष म्हणून पडके बुरूज दाखविण्यांत येतात. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावरील त्याच अंमलाची दुसरी एक खूण मराठी घरांतील भाजीच्या टोपलींत आहे, आणि ती दगडचुन्यापेक्षां टिकाऊ ठरली आहे. ती खूण म्हणजे ‘कोबी’ हा शब्द.

पोर्तुगीज भाषेंत या जातीच्या भाजीस ‘कोव्ह’ म्हणतात. गोमंतकीय भाषापंडित मोन्सिन्योर दालगादो यांनीं आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा आपला ग्रंथ १९१३ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत मराठी कोबीचें मूळ हेंच दिलें आहे. गंमत अशी कीं, गड्डा धरणाऱ्या कोबीला खुद्द पोर्तुगीज लोक ‘रेपोल्यु’ असें निराळें नांव देतात. मराठीनें सबंध जातीचें नांव उचललें आणि तें एकट्या गड्ड्याला देऊन टाकलें!

हा दर्यापारचा पाहुणा येथें आला तेव्हां त्याचे भाऊबंद मात्र आधींच घरांत नांदत होते. मोहरी, मुळा आणि बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात तें अळीव, हीं सर्व कोबीच्याच कुलांतलीं. क्रूसाप्रमाणें समोरासमोर मांडलेल्या चार पाकळ्यांवरून वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या कुलास पूर्वीं ‘क्रूसिफेरी’ असें नांव दिलें होतें. मोहरीचें येथील वास्तव्य फार प्राचीन. सिंधमधील चान्हूदडोच्या उत्खननांत तिचे दाणे मिळाले आहेत. चरकानें सूतिकागृहाभोंवतीं मोहरी विखुरण्यास सांगितलें आहे. सुश्रुतानें जखमी माणसाच्या खोलींत मोहरी, कडुनिंबाचीं पानें, तूप व मीठ यांची धुरी दिवसांतून दोनदां, दहा दिवस न चुकतां द्यावी, असें लिहिलें आहे. मूल किरकिरूं लागलें कीं आजी मीठमोहऱ्या ओंवाळून विस्तवांत टाकते, तेव्हां हातांत जिन्नस तेच असतात. या चालीस निव्वळ खुळी समजूत म्हणून हंसण्यापूर्वीं सुश्रुताची ती खोली आठवावयास हरकत नाहीं.

या कुलाचा खरा गुण त्याच्या तिखटपणांत आहे. मोहरीचा अखंड दाणा हुंगला तर वास येत नाहीं. तीच पाणी घालून फेसली कीं नाकाला झोंबते. दाण्याच्या पेशींत दोन पदार्थ एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. दाणा चिरडला व पाणी मिळालें म्हणजे त्यांची गांठ पडते आणि तें झोंबरें तेल तयार होतें. किडींपासून बचाव करण्याची ही वनस्पतीची युक्ति. उष्णतेनें त्यांपैकीं एक पदार्थ निकामी होतो. म्हणूनच फोडणींत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण झोंबत नाहीं. लोणच्याला मोहरी फेसून घ्यावी आणि फोडणीला अखंड टाकावी, हा भेद रसायनशास्त्राच्या पुष्कळ आधीं गृहिणींना अवगत होता. चिरलेल्या कोबीचा उग्र दर्पहि याच जातीच्या द्रव्यांचा.

फुलकोबी आला तो इंग्रजी अमदानींत. सहारणपूरच्या कंपनी बागेंत त्याची लागवड १८२२ मध्यें झाली. कोबी, फुलकोबी व नवलकोल या तीन निराळ्या भाज्या वाटतात, परंतु वनस्पति एकच: माळ्यांनीं निवडीनें एकीचें पान वाढविलें, दुसरीचा फुलोरा, तिसरीचा देंठ.

घरच्या धर्माचारानें मात्र हा सगळा गोतावळा एका पंक्तीस बसविला नाहीं. श्राद्धाच्या स्वयंपाकांत कित्येक घरीं कोबी अजून विलायती म्हणून वर्ज्य आहे. त्याच घरांत एरवींच्या दिवशीं कोबीच्या भाजीला फोडणी पडते ती मोहरीचीच.