मद्यसेवन : किंमत व उपलब्धता (रत्नागिरी)

मद्याचा दर, दुकानाचे अंतर व विक्रीच्या वेळा यांचा सेवनाच्या प्रमाणाशी असलेला संबंध. दर चढले व दुकाने विरळ झाली म्हणजे खप उतरतो, हा अनेक देशांचा अनुभव असला, तरी कराबाहेरची दारू जेथे हाताशी असते तेथे दप्तरी खप व प्रत्यक्ष सेवन यांत अंतर पडते. रत्नागिरीत हे अंतर फार जुने आहे.

किनाऱ्यावर माडी ही घरच्या आगरातली वस्तू. भंडारी माडावर चढून पोयीला छेद देतो व तिला मडके बांधतो. उतरलेला रस काही तासांतच आंबत असल्याने तो दूरच्या बाजारी जात नाही. अशा पेयावर दुकानात कर वसूल करणे दुरापास्त, हे ओळखून मुंबई सरकारने १८७८ च्या आबकारी कायद्याच्या आधारे झाडामागे पट्टी घेतली आणि दारूविक्रीचे मक्ते दिले. माडी महागली खरी. परंतु सरकारची नजर महसुलावर होती, मिताचाराची भाषा बहुतांशी शोभेपुरती होती.

१९५० ची संपूर्ण दारूबंदी हा उपलब्धतेवरचा कमाल निर्बंध होता. परवान्याचे दुकान मिटले आणि काळा गूळ व नवसागर वापरून गाळलेल्या हातभट्टीला ऊत आला. १९६३ नंतर बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. पुढे महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’स मत दिल्यास परवान्याचे दुकान बंद करण्याची सोय झाली, हातभट्टीवाल्याला मात्र अशा मतदानाचे भय नाही.

दराचा प्रश्न गोव्याच्या सान्निध्यामुळे अधिक बिकट होतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा, तसेच १८० मिलिलिटरची किमान किंमत देशी दारूस ८० व या विदेशी मद्यास २०५ रुपये ठेवण्याचा निर्णय घेतला. गोव्यात कर हलका. म्हणून इकडचा दर जितका चढेल तितका तिकडची बाटली चोरून आणण्यातला नफा वाढतो, मग तिच्यावर केवळ गोव्यात विक्रीसाठी असे छापलेले का असेना. अशा मालासाठी बांद्याजवळ इन्सुली येथे उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे.