राजशासनाबाहेरचे यहुदी : कोकणातील बेने इस्रायल आणि उत्तर-प्राचीन काळाचा वारसा

इसवी सनाच्या चौथ्या ते आठव्या शतकांच्या कालखंडाला इतिहासकार ‘उत्तर-प्राचीन काळ’ म्हणतात, कारण या काळात रोमचे जुने जग पुरते संपलेले नव्हते आणि मध्ययुगाची घडीही अजून बसलेली नव्हती. याच शतकांत भूमध्य सागराभोवतीचे यहुदी ख्रिस्ती सम्राटांच्या अमलाखाली आले, त्यानंतर सिरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त आणि इराक येथील यहुदी मुस्लिम खलिफांची प्रजा झाले, आणि दोन्ही राजवटींनी या प्रजेने कसे राहावे हे लेखी ठरवून दिले. त्यांच्या इतिहासाची साधने मुख्यत्वे या लेखी व्यवस्थेतूनच मिळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’, हा मराठी बोलणारा यहुदी समाज मात्र कोकणातल्या मध्ययुगीन राजांच्या एकाही ज्ञात ताम्रपटात वा शिलालेखात वेगळा धर्म म्हणून दिसत नाही. या अनुल्लेखामुळे त्यांचे रक्षण झाले तसेच बरेच नुकसानही झाले, आणि त्या नुकसानीचे मोल कळण्यासाठी आधी लेखी व्यवस्थेत राहणाऱ्यांची स्थिती पाहणे आवश्यक आहे.

इ.स. ३८८ मध्ये युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम या गावी तेथील बिशपच्या चिथावणीने जमावाने यहुद्यांचे सभागृह जाळले. सम्राट पहिला थिओडोसियस याने ते बिशपच्याच खर्चाने पुन्हा बांधण्याचा हुकूम सोडला, परंतु मिलानचा बिशप अँब्रोज याने हुकूम मागे घेतल्याशिवाय उपासनाविधी करणार नाही अशी भूमिका घेतली आणि सम्राटाला माघार घ्यावी लागली. याच सम्राटाने ३९३ मध्ये मात्र यहुद्यांचा पंथ कोणत्याही कायद्याने निषिद्ध नाही असे स्पष्ट करून सभागृहे पाडणाऱ्यांना आवर घालण्यास सांगितले. ४३८ मध्ये संकलित झालेल्या थिओडोसियन संहितेत हे संरक्षण आणि त्याच्या शेजारीच वाढत जाणारी बंधने अशी दोन्ही नोंदलेली आहेत, आणि त्याच वर्षीच्या आणखी एका कायद्याने यहुद्यांना राज्यातील मानाची पदे व नवी सभागृहे बांधण्याची मुभा नाकारली. जस्टिनियनने तर ५५३ मध्ये सभागृहात धर्मग्रंथ कोणत्या भाषेत वाचावा यातही हात घातला : ग्रीक भाषांतराला त्याने परवानगी दिली आणि परंपरागत मौखिक विवरणावर बंदी आणली. सातव्या शतकात स्पेनचा व्हिसिगॉथ राजा सिसेबुट आणि बायझंटाइन सम्राट हेराक्लियस यांनी सक्तीच्या बाप्तिस्म्याचे आदेश काढले, तेव्हा कायद्याने दिलेले संरक्षण किती तकलादू होते हे उघड झाले.

इराकमधील यहुदी इराणच्या सासानी सम्राटांच्या राज्यात राहत होते आणि त्यांचा प्रमुख, ज्याला निर्वासितांचा अधिपती म्हणत, राजदरबारी मान्यता पावलेला होता. बॅबिलोनी तालमूद हा धर्मशास्त्रीय चर्चांचा प्रचंड ग्रंथ याच भूमीत सिद्ध झाला, आणि राज्याचा कायदा हा आपल्यालाही कायदाच होय हे तिसऱ्या शतकातील शमुएल या पंडिताचे सूत्रही त्यातच आले. मुस्लिम विजयानंतर यहुदी व ख्रिस्ती हे ‘जिम्मी’, म्हणजे राज्याने ज्यांच्या रक्षणाची हमी घेतली आहे असे दुय्यम प्रजाजन, ठरले. त्यांना जिझिया हा डोईपट्टीचा कर द्यावा लागे आणि खलिफा उमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कराराप्रमाणे पेहराव, वाहन, नवी प्रार्थनास्थळे यांबाबत मर्यादा पाळाव्या लागत. त्या मर्यादांची अंमलबजावणी सर्वत्र सारखी नव्हती. या मोबदल्यात त्यांना स्वतःची न्यायालये, विवाह व घटस्फोट यांचे निवाडे आणि पाठशाळा मिळाल्या. ७६२ मध्ये बगदाद वसल्यानंतर इराकी विद्यापीठांचे प्रमुख, ज्यांना गाओन म्हणत, स्पेनपर्यंतच्या प्रश्नांना लेखी उत्तरे पाठवीत. अपमान आणि संस्था या दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात सामावलेल्या असत, आणि यहुदी ज्ञानपरंपरा शतकानुशतके टिकली तिचे काही श्रेय त्या अप्रिय दस्तऐवजालाही द्यावे लागते.

बेने इस्रायल कोकणात केव्हा आले याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि किनाऱ्याला लागलेली प्रेते तेथेच पुरली गेली. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात ठेवली. काही आधुनिक अभ्यासक मात्र ते इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात येमेन किंवा इराणमधून आले असावेत असे मानतात. त्याच काळात येमेनमध्ये हिम्यार राज्याने यहुदी धर्म स्वीकारलेला होता आणि ५२५ मध्ये हबशी सैन्याने तेथील यहुदी राजा धू नुवास याचा पाडाव केला, त्यामुळे समुद्रमार्गे बाहेर पडण्यास कारण तरी होते. पण कारण असणे म्हणजे पुरावा असणे नव्हे. मार्ग मात्र नवा नव्हता. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती व इतर रोमन वस्तू सापडल्या, त्यावरून तांबड्या समुद्रापासून कोकणच्या बंदरांपर्यंत आणि तेथून घाट चढून कोल्हापूरपर्यंत मालाची ये-जा सातवाहनकाळापासून होती हे सिद्ध होते. त्या टेकडीवर यहुदी वस्तीची खूण नाही, आणि तशी कल्पना करण्याचा मोह आवरलेला बरा.

कोकण व दक्षिण महाराष्ट्रात पुढे ज्या शिलाहार घराण्याच्या शाखांनी राज्य केले त्यांचे धार्मिक धोरण प्रस्तुत विषयाला उपयोगी आहे. महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे बिरुद मिरवणाऱ्या कोल्हापूर शाखेचा राजा गंडरादित्य याने बाराव्या शतकाच्या प्रारंभी मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची देवालये उभारली. उत्तर कोकणात अरबी प्रवासी अल-मसूदी ९१५-१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे आजचे चौल, येथे आला तेव्हा त्याला सुमारे दहा हजार मुसलमान दिसले आणि त्यांचे तंटे सोडविण्यासाठी राजाने नेमलेला ‘हुनरमन’ नावाचा त्यांच्यातीलच अधिकारी आढळला. शक ८४८, म्हणजे इ.स. ९२६, च्या चिंचणी ताम्रपटात तर राष्ट्रकूटांच्या वतीने संजान प्रांताचा कारभार पाहणारा एक अरब अधिकारी मधुमती या संस्कृत रूपातील नावाने येतो. म्हणजे परधर्मीयांना स्वतःचा न्याय देण्याची पद्धत येथील राजांना ठाऊक होती, पण ती बंदरात जकात भरणाऱ्या आणि जहाजे आणणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी होती. गावात घाणा चालविणाऱ्या चार घरांसाठी कोणी हुनरमन नेमीत नाही.

बेने इस्रायल हे घाणेवालेच होते. तेल गाळणे आणि शेती हे त्यांचे धंदे, पेण, रोहे, अष्टमी, किहीम, दिवे अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहिमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ ही त्यांची गावातली ओळख. सोमवारी शंकराचा वार म्हणून बैल न जुंपणारे सोमवार तेली कोकणात होतेच, तेव्हा शनिवार पाळणाऱ्यांचे गावाला नवल वाटले नाही. रोम आणि बगदाद येथे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, हा शास्त्राचा आणि कायद्याचा विषय होता, येथे तो जातीच्या रिवाजांपैकी एक रिवाज झाला. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाणे, आणि ईश्वर एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना एवढे त्यांच्याजवळ उरले. विवाहापासून मृत्यूपर्यंतच्या सर्व प्रसंगी तीच एक प्रार्थना म्हटली जाई, कारण दुसरी येतच नव्हती. सणांची नावेही मराठी झाली : प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफाळणीचा सण, नववर्षाला नवियाचा सण. प्रेषित एलियाहूच्या नावाने पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा मलिदा करून नवस फेडण्याची त्यांची रीत आजही चालू आहे, आणि हा प्रेषित अलिबागजवळच्या खंडाळे येथून स्वर्गारोहण करून गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. जातिव्यवस्थेने त्यांना जागा दिली तशी आपली वृत्तीही दिली, आणि समाजात गोरे व काळे इस्रायल असा बेटीबंदीचा भेद रूढ झाला.

ग्रंथ, पंडित आणि न्यायालय यांपासून तुटलेल्या या स्थितीची वार्ता बाहेर पोचली होती असे दिसते. इजिप्तमधील थोर तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने बाराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील पंडितांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र माहीत नाही अशा आशयाचा उल्लेख केला आहे, आणि तो कोकणातील या समाजाविषयीच असावा असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच शतकात कैरोच्या सभागृहातील कागदपत्रांनुसार यहुदी व्यापारी मलबार व कोकणच्या बंदरांशी व्यवहार करीत होते. बंदरातला व्यापारी आणि आतल्या गावातला तेली यांची गाठ पडल्याचे मात्र त्या कागदांत दिसत नाही.

सोळाव्या शतकात ख्रिस्ती कायदा खुद्द या किनाऱ्यावर उतरला. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये चौलला किल्ला बांधला आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेची चौकशी करणारे न्यायासन, सुरू झाले. त्याचा पहिला रोख पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या यहुद्यांच्या वंशजांवर होता. या ‘नव्या ख्रिस्त्यां’पैकी एक गार्सिया द ओर्ता हा वैद्य, ज्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य होता आणि हिंदुस्थानी औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली गेली. सिसेबुटच्या आज्ञेपासून सुरू झालेली एक परंपरा अशी गोव्यात मांडवीच्या तीरावर पोचली. अ. का. प्रियोळकर यांनी या न्यायासनाचा कारभार साधार मांडला आहे. चौलच्या आसपासचे शनवार तेली त्याच्या कक्षेबाहेर राहिले, कारण त्याचा अधिकार मुख्यत्वे बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. निजामशाही वैद्याला दरबारात सुरक्षित ठेवणारी विद्या गोव्यात त्याचे कूळ लपवू शकली नाही, आणि निरक्षर तेल्याला कूळ लपविण्याची गरजच पडली नाही.

पुढे हा मुलूख जंजिऱ्याचे सिद्दी आणि कुलाब्याचे आंग्रे यांच्यात वाटला गेला. समाजाच्या आठवणीनुसार डेव्हिड रहाबी नावाच्या पंडिताने या लोकांना ओळखून झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना विधी शिकविले; परंपरा हा प्रसंग फार मागे नेते, पण अभ्यासक तो अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. या तिघांना ‘काजी’ म्हणू लागले, यात मुस्लिम राजवटीची छाया उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी हे बेने इस्रायल गृहस्थ जंजिरा संस्थानाचे कारभारी झाले, यावरून सिद्दींच्या राज्यात धर्म आड येत नव्हता असे म्हणता येते.

बेने इस्रायल या नावाची युरोपीय नोंद १७३८ मध्ये डॅनिश मिशनरी सार्टोरियस याच्या पत्रात येते. त्यानंतर सर्व वेगाने घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतील सामाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शाआर हारहमीम’ हे समाजाचे पहिले सभागृह बांधले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. धर्मांतराच्या हेतूने दिलेले हे शिक्षण समाजाने घेतले आणि बाप्तिस्मा बहुतेकांनी नाकारला. रेवदंडा, अलिबाग येथे सभागृहे झाली, प्रार्थनांची मराठी भाषांतरे निघाली, १८८० मध्ये कीर्तन मंडळ निघून अब्राहामाचे चरित्र टाळ-मृदंगावर सांगितले जाऊ लागले. केहिमकरांनी १८७५ मध्ये इस्रायली शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, जो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायल नव्या इस्रायल राष्ट्रात गेले आणि तेथे शतकांच्या त्या अनुल्लेखाचा हिशेब पुढे आला. तेथील विवाहाचा अधिकार रब्बींच्या न्यायालयांकडे होता, आणि त्या न्यायालयांचे शास्त्र बगदादच्या गाओनांनी जिम्मी व्यवस्थेत राहून जोपासलेले होते. शास्त्रोक्त घटस्फोटपत्र कोकणात कोणी लिहिल्याचा दाखला नाही, मग पुनर्विवाहातून झालेली संतती वैध कशी मानावी, अशी शंका निघाली. १९६१ मध्ये रब्बींच्या परिषदेने विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली, पण फेब्रुवारी १९६२ च्या सूचनेत बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितले. ज्यांना कोणत्याही राजाने त्यांच्या देवाबद्दल जाब विचारला नव्हता त्यांना तो स्वकीयांच्या राज्यात द्यावा लागला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि महिनाअखेरीस रब्बींनी सूचना बदलली : चौकशीचा नियम कायम राहिला, मात्र तो ज्यांच्या वंशाविषयी शंका असेल अशा कोणालाही लागू करून त्यातून बेने इस्रायल हे नाव वगळण्यात आले.