करवीरचीं दप्तरें आणि वर्गवारीची मर्यादा

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांपुढें रुमाल सोडतांच पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, हे कागद लावावे कोणत्या क्रमानें? सनदा एकीकडे, खासगी पत्रें दुसरीकडे, हिशेब तिसरीकडे, असे ढीग घालण्याचा मोह बहुतेकांस होतो. करवीरच्या कागदांस धरून या मोहाचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे या बाबतींत दोन थोर कित्ते आहेत. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें कालानुक्रमानें लावून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडीचे ४५ भाग इ. स. १९३० च्या सुमारास विषयवार काढिले. पहिला उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा. दोन्ही पद्धती अभ्यासकांस उपकारक झाल्या. परंतु त्या ग्रंथ छापण्याच्या पद्धती होत. अस्सल कागद बांधून ठेवण्याच्या नव्हेत.

कारण एक कागद एकाच वर्गाचा क्वचितच असतो. करवीरच्या अंबाबाईच्या पूजेअर्चेकरितां जमीन इनाम दिल्याची एखादी सनद घ्यावी. ती देवस्थानाची तर खरीच; पण जमीन ज्या गांवची त्या गांवाचीही, ज्यास दिली त्या घराण्याचीही, साऱ्याचा आकार सांगते म्हणून वसुलाचीही, आणि शिक्का आहे म्हणून मुद्रांच्या अभ्यासकाचीही. ती एका ढिगांत टाकिली, कीं बाकीच्या चौघांस ती नाहींशी झाली.

नांवावरून वर्ग पाडावे, तर दुसरी अडचण. ताराबाईंचे पुत्र शिवाजी यांच्यानंतरही त्याच नांवाचे छत्रपति करवीरच्या गादीवर १७६२ पासून, १८३८ पासून आणि १८७१ पासून होऊन गेले. 'शाहू छत्रपति' एवढाच मथळा घातला, तर १७४९ सालीं वारलेले साताऱ्याचे शाहू आणि १९२२ सालीं वारलेले करवीरचे शाहू एकाच पुडक्यांत येतील. उलट, 'करवीर' व 'कोल्हापूर' असे दोन मथळे झाले, तर एकाच स्थळाचे कागद दोहोंकडे फांकतील. म्हणून मथळ्यास नांवाबरोबर गादी व सालें जोडावीं; आणि एका स्थळास एकच नांव ठरवून दुसऱ्यापुढें 'तेथें पाहा' एवढेंच लिहावें.

या सर्वांवर उपाय एकच: वर्ग यादीचे असावे, कागदाचे नसावे. कागद ज्या रुमालांत व ज्या क्रमानें सांपडला तसाच राहूं द्यावा; त्यास एक कायम अंक द्यावा; आणि मथळ्यांच्या चिठ्ठ्या हव्या तितक्या कराव्या. फ्रान्सांत १८४१ सालीं निघालेल्या आज्ञेनें एका कचेरीचे अगर घराण्याचे कागद एकत्र राखावे असा दंडक घातला. मूळ रचनेसही हात लावूं नये, हें तत्त्व डच पुराभिलेखकारांनीं १८९८ च्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. आज मराठी विकिपीडियावरही एकच पान अनेक 'वर्गां'त नोंदतां येतें. त्यासाठीं पान जागचें हलवावें लागत नाहीं, आणि लहान वर्ग मोठ्या वर्गाच्या पोटीं घालतां येतो. 'देवस्थान इनामें' हा मथळा 'इनामें' याखालीं घालावा, तसाच हा प्रकार.

मूळ क्रमाचा आग्रह हा केवळ नीटनेटकेपणाचा नव्हे. तारीख नसलेल्या पत्राचा काळ पुष्कळदां शेजारच्या पत्रावरून ठरतो. सनद अस्सल कीं बनावट याची साक्ष तिच्याच रुमालांतील ताळेबंद व नकला देतात. सनद उचलून चौकटींत बसविली, म्हणजे साक्षीदार गेले, आणि तिचा खरेपणा सिद्ध करणें दुर्घट झालें.

करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. संस्थानी कागदांस कोल्हापूरचें पुराभिलेखागार आहे. परंतु जे रुमाल घरोघरीं उरले आहेत त्यांचे राखणदार घरधनीच. त्यांस आमची विनंती इतकीच कीं, गांठ सोडण्यापूर्वीं रुमालावर अंक घालावा, कागद वरून खालीं ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें त्यांची टीप करावी, आणि मगच विषयाचा विचार करावा. चुकलेला मथळा पुन्हां लिहितां येतो. मोडलेला रुमाल पुन्हां बांधतां येत नाहीं.