स्वीट काउबॉय रोमान्स म्हणजे नेमकं काय?

मुखपृष्ठावर हॅट घातलेला नायक, मागे घोडा आणि कुरण. अशी इंग्रजी पुस्तकं तुम्ही रील्समध्ये पाहिली असतील. यातल्या 'स्वीट' प्रकारात प्रेम चुंबनापर्यंतच दाखवतात, बेडरूममधली वर्णनं नसतात.

कथा कुठे घडते?
बहुतेकदा अमेरिकेतल्या टेक्सास, मोंटाना किंवा वायोमिंगमधल्या छोट्या गावात, आजच्या काळात. रँच म्हणजे गुरं पाळण्याची मोठी जमीन. अनेक कथांमध्ये ही वडिलोपार्जित जमीन कर्जात असते. ती विकायची की राखायची, या पेचातूनच नायक-नायिका जवळ येतात.

मूळ कुठे?
ओवेन विस्टर यांच्या १९०२ मधल्या 'द व्हर्जिनियन' कादंबरीत वायोमिंगचा काउबॉय शाळेतल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडतो. हीच जोडी पुढे अनेकांनी वापरली. पडद्यावर पाहायचं तर २००७ मध्ये सुरू झालेली 'हार्टलँड' ही कॅनडातली मालिका याच वळणाची आहे.

निवडताना काय पाहाल?
'स्वीट' आणि 'स्पाइसी' पुस्तकांची मुखपृष्ठं सारखीच दिसू शकतात. त्यामुळे घेण्याआधी माहितीत 'स्वीट' किंवा 'क्लीन' लिहिलंय का, ते तपासा. शेवट मात्र दोन्हीकडे गोडच!