परराष्ट्रांची मराठी

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे होळकर दरबाराने इंग्रजांशी जो तह केला, त्यात प्रदेश गेला, खंडणीचे हक्क गेले आणि आणखी एक गोष्ट गेली, जिची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. रेसिडेंटाच्या अनुमतीवाचून होळकरांनी अन्य कोणत्याही राज्याकडे आपला वकील पाठवू नये, कोणाचा वकील दरबारी ठेवून घेऊ नये, कोणाशी पत्रव्यवहारही करू नये, असे बंधन त्या तहाने घातले. महिदपूरच्या पराभवाला तेव्हा जेमतेम पंधरवडा लोटला होता. अटी नाकारण्याची शक्ती कोणात उरली होती?

मराठी राजकारणात वकील म्हणजे केवळ वाटाघाटी करणारा गृहस्थ नव्हे. परदरबारातील बातमी लिहून पाठवणे आणि आपल्या धन्याला सोयीची बातमी तेथे पेरणे, ही दोन्ही कामे तोच करी. आज परराष्ट्र खाते, वृत्तसंस्था आणि नभोवाणी मिळून जे करतात, ते वकिलाच्या बस्त्यात सामावलेले होते. म्हणून मंदसोरच्या तहाने इंदूरचा मुलूख कापला, तसा इंदूरचा बाहेरच्या जगाशी बोलण्याचा मार्गही बंद केला, असेच म्हटले पाहिजे.

हा अडसर सव्वाशे वर्षे टिकला. त्याला उघड धक्का दिला तो दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी. एप्रिल १९४२ मध्ये क्रिप्स यांची शिष्टाई फसली. जपानी सेना ब्रह्मदेशात पुढे सरकत होती. त्या उन्हाळ्यात इंदूरच्या महाराजांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले आणि हिंदुस्थानचा प्रश्न सोडवण्यासाठी अमेरिकेने, चीन व रशिया यांना बरोबर घेऊन, मध्यस्थी करावी, असे सुचवले. मांडलिक संस्थानिकाने परराष्ट्राच्या प्रमुखाला, तेही जाहीरपणे, असे आवाहन करावे हे दिल्लीला रुचणे शक्यच नव्हते. माणिकबाग महालातील एका हौशी तरुण राजाची ही लहर होती, असे म्हणून हा प्रसंग उडवून लावणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. वकील पाठवण्याची बंदी होती. वृत्तपत्रांना पत्र देण्याची नव्हती. राजनीतीची जागा प्रसिद्धी घेत आहे, हे या राजाने ओळखले होते.

याच वर्षी उलट दिशेचाही प्रवाह सुरू झाला. परराष्ट्रे आपल्याशी मराठीत बोलू लागली.

जानेवारी १९४२ मध्ये जर्मनीतून ‘आझाद हिंद रेडिओ’ सुरू झाला. सिंगापूर पडल्यानंतर, फेब्रुवारीत, सुभाषबाबूंचा आवाज त्यावरून उमटला. या केंद्रावरून हिंदी, बंगाली, तमीळ, तेलुगू अशा अनेक भाषांत बातम्या दिल्या जात, आणि त्यांत मराठीही होती. लंडनच्या बीबीसीने मार्च १९४२ मध्ये आपले मराठी प्रसारण आरंभले. एका बाजूला नाझी राजवटीच्या यंत्रावरून स्वातंत्र्याची भाषा, दुसऱ्या बाजूला लोकशाहीच्या नावाने साम्राज्याची भाषा, आणि दोन्ही मराठीत! देशातील परवानाधारक रेडिओसंच तेव्हा दीडदोन लाखांच्या घरात होते. इंदूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळायला १९५५ साल उजाडावे लागले. ऐकणारे इतके थोडे असताना एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न खुद्द लंडनमधल्या एका कर्मचाऱ्यालाही पडला होता. त्याचे नाव एरिक ब्लेअर, म्हणजेच जॉर्ज ऑर्वेल.

ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या पूर्व विभागात होता. युद्धवार्तेची साप्ताहिक पत्रे तो इंग्रजीत लिही आणि त्यांचे मराठी, गुजराती, बंगाली, तमीळ अनुवाद हिंदुस्थानाकडे प्रक्षेपित होत. ही पत्रे नंतर चार दशके दप्तरात पडून राहिली व १९८५ साली ग्रंथरूपाने प्रकाशात आली. म्हणजे ऑर्वेलचे लेखन आपल्या आजोबांच्या पिढीतील काहींच्या कानांवर मराठीतून पडले, पण ते कोणाचे हे त्यांना कधीच कळले नाही. या विभागात त्याची सहकारी होती वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या शिरोळ येथे १९१२ साली जन्मलेली ही मुलगी शिक्षणासाठी विलायतेस गेली, युद्धाच्या काळात बीबीसीत शिरली, ब्रिटिश गृहिणींना शाकाहारी पाककृती सांगू लागली आणि पुढे बातम्या व भाषणे प्रसारित करू लागली. बीबीसीच्या स्टुडिओत १९४२ साली घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, एम्पसन आणि ऑर्वेल यांच्यासमवेत वेणू चितळे दिसतात. १९५० साली त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली. आमच्या मराठी वाङ्मयेतिहासाने मात्र त्यांची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वेणू चितळे फॅसिझमविरोधी होत्या आणि स्वराज्यवादीही होत्या. पगार साम्राज्याचा, मजकूर तपासणारा अधिकारी साम्राज्याचा. पण उच्चार, शब्द आणि श्रोत्याविषयीची आत्मीयता त्यांची स्वतःची. परराष्ट्राला आपली भाषा वापरावयाची तर आपल्यातलीच माणसे घ्यावी लागतात, आणि ती माणसे केवळ ध्वनिक्षेपक होऊन राहत नाहीत. युद्ध सरले, साम्राज्य आटोपले, आणि १९५८ साली लंडनने मराठी प्रसारण बंद केले. मराठीची आवश्यकता संपली होती, एवढेच त्याचे कारण समजावे.

तोवर दुसरे दोन यजमान पुढे आले होते. वाचनालयाच्या ज्येष्ठ सभासदांना सोव्हिएत वकिलातीच्या प्रचार विभागाकडून येणारी गुळगुळीत कागदाची सचित्र मासिके आठवत असतील. त्या कागदाची वह्या-पुस्तकांना घातलेली कव्हरे माझ्या पिढीच्या शाळकरी आयुष्याचा भागच होती. मजकूर किती जणांनी वाचला, हा वेगळा प्रश्न. पण मॉस्कोची पुस्तके वाचली गेली. १९३१ साली परदेशी कामगारांसाठी स्थापन झालेली प्रकाशनसंस्था १९६३ साली ‘प्रगती प्रकाशन’ झाली, आणि तिच्यातून १९८२ साली ललित साहित्यासाठी ‘रादुगा’ वेगळी निघाली. टॉलस्टॉय, चेखॉव, गॉर्की आणि रंगीत चित्रांची बालपुस्तके मराठीत, मॉस्कोत छापून, अत्यल्प किमतीत येत. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहासारख्या संस्थांमधून ती महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी वस्त्यांत पोचत. आपल्याकडे मराठी बालपुस्तकांचा पुरवठा सदैव तोकडाच राहिला. ती उणीव काही अंशी मॉस्कोने भरून काढली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

नेहरूंच्या निधनानंतर सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार सुरू झाले. विंदा करंदीकर आणि नारायण सुर्वे हे त्याचे मानकरी. हे कवी विकत घेतले गेले, असे म्हणण्याचे धाडस कोणीही जाणकार करणार नाही. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. पण स्टालिनग्राडचा पवाडा त्यांनी १९४३ सालीच रचला होता, तेव्हा कोणत्या वकिलातीने त्यांना तिकीट काढून दिले होते? ओढ आधीची होती. वकिलातीने तिला वाट दिली.

मॉस्कोचा प्रभाव खरा दिसतो तो पाठवलेल्या पुस्तकांत नव्हे, न पाठवलेल्या पुस्तकांत. गॉर्की आला, पास्तरनाक आला नाही. ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी तिच्या स्वतःच्या देशात १९८८ पर्यंत छापली गेली नव्हती, मग तिचा मराठी अनुवाद मॉस्को कोठून पाठवणार? आणि गंमत अशी, की याच कादंबरीची रशियन आवृत्ती १९५८ साली अमेरिकेच्या सीआयएने गुप्तपणे छापून घेतली. त्याची कागदपत्रे २०१४ साली खुली झाली. एकाने पुस्तक दडवले, दुसऱ्याने छापणारा दडवला.

अमेरिकेची रीत निराळी होती. ‘स्पॅन’ मासिक १९६० साली निघाले, पण मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची घटना दुसरीच आहे. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाचे मोल आपण रुपयांत चुकते केले. मिलोच्या लाल भाकरीची आठवण काढणारी माणसे आजही भेटतात. त्या साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊ लागली, मराठीही त्यांत आली. आपण गहू खाल्ला आणि त्याच्या बदल्यात आपल्या कादंबऱ्या शिकागोच्या फडताळावर जाऊन बसल्या! येथे ज्यांच्या प्रती वाळवीने खाल्ल्या, अशी काही पुस्तके तेथे सुस्थितीत असतील. मॉस्को आपल्याला वाचायला देत होता, अमेरिका आपल्याला वाचण्याची सोय करून ठेवत होती. दोन्हींमागे राज्यहित होते, पण दुसऱ्यात पांडित्याला अधिक वाव राहिला.

अमेरिकेच्या खात्यावर एक गडद नोंदही आहे. मुंबईहून १९५५ साली ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले. निसिम इझिकिएल त्याचे पहिले संपादक, पुढे अ. भि. शहा, दिलीप चित्रे अशी नावे त्याच्याशी निगडित झाली. नियतकालिक उत्तम होते. ते ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’च्या छत्राखाली चाले, आणि त्या संस्थेला सीआयएचा पैसा मिळत होता, हे १९६६-६७ साली उघडकीस आले. पैशामुळे ‘क्वेस्ट’मधील लेखन वाईट ठरते काय? माझ्या मते नाही. परंतु सोव्हिएत मासिकावर वकिलातीचे नाव स्वच्छ छापलेले असे आणि वाचक ते पाहून मीठ-मिरची कमीजास्त करून घेई. ‘क्वेस्ट’च्या वाचकाचा तो अधिकार हिरावला गेला, आणि त्यात लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसांवर नाहक किटाळ आले.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ लयास गेला आणि मॉस्कोची मराठी एकाएकी थांबली. १९५८ सालच्या लंडनचीच ती पुनरावृत्ती होती. लंडन मात्र परतले. २०१५ साली ब्रिटिश सरकारने बीबीसीच्या जागतिक सेवेच्या विस्तारासाठी वेगळा निधी दिला आणि २ ऑक्टोबर २०१७ रोजी, एकोणसाठ वर्षांनी, बीबीसी मराठी पुन्हा सुरू झाली. या वेळी नभोवाणीवर नव्हे, संगणकाच्या व दूरध्वनीच्या पडद्यावर. वृत्तमाध्यमांतील परकीय भांडवलावर २६ टक्क्यांची मर्यादा आल्यानंतर, एप्रिल २०२४ पासून, ते काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीकडे गेले आहे. मंदसोरच्या तहात परकी सत्तेने आपल्या बोलण्यावर मर्यादा घातली होती. आता परकीयांच्या बोलण्यावर मर्यादा घालणारा कायदा आपला आहे. तो शहाणपणाने वापरला जातो की नाही, याची चर्चा वेगळी.

ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत ‘खरेदी की देणगी’ असा एक रकाना असतो. लेखनिक तो कंटाळत भरतो आणि पुढे तो कोणी उघडून पाहत नाही. वर सांगितलेला इतिहास ज्याला पुढे लिहावयाचा असेल त्याला प्रथम हाच रकाना पाहावा लागेल. कोणते पुस्तक वकिलातीकडून आले, कोणते सभासदाने दिले, कोणते वर्गणीतून घेतले, हे दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही. जागा मोकळी करताना मॉस्कोची जुनी मराठी पुस्तके प्रथम रद्दीत जातात, हे अनेक ग्रंथालयांत घडते. काही हौशी मंडळी आता तीच पुस्तके शोधून, पानापानाची छायाचित्रे काढून जतन करीत आहेत. ज्या ग्रंथालयांत ती अद्याप आहेत, तेथे पुस्तक आणि नोंदवही ही दोन्ही एकत्र ठेवावीत, आणि देणाऱ्याच्या नावावर शिक्का किंवा चिकटपट्टी येऊ देऊ नये.